सासऱ्याच्या डोक्यावरची शाळा

मागच्या महिन्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी आमच्या गावात घरोघर फिरत होती. बायका फोनवरून शिकायला का तयार होतात आणि का होत नाहीत, हे तिला शोधून काढायचं होतं. मुलगी चांगली होती. चहाला नको म्हणाली नाही, खाली सतरंजीवर बसली. तिनं विचारलं, आजी, तुमच्या घरातल्या बायकांना फोनवर शिकणं अवघड वाटतं, की त्याचा उपयोग वाटत नाही, की घरचे काय म्हणतील याची भीती वाटते? यातलं एक सांगा.

मी म्हटलं, बाई, एक कसं सांगू? या घरात मोठी माणसं चार, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं. तिला सास्तूरहून पुढची एसटी धरायची होती. 'घरच्यांची भीती' असं काहीतरी धरून ती निघून गेली. मला कुणाची भीती वाटत नाही. मला वैताग येतो. पण वैताग तिच्या प्रश्नांत नव्हता, म्हणून तिला सांगायचं राहिलेलं इथं लिहिते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही जुन्या गावात, देवळात भरणाऱ्या शाळेत. जुनं गाव भूकंपात गेलं, तिथं आता बाभळी माजल्यात. नव्या गावात सगळ्यांना मिळाल्या तशा आम्हालाही स्लॅबच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढं शेजारी आम्ही पत्र्याचं शेड मारलं. त्यात स्वयंपाक आणि देव. आमचा म्हातारा, म्हणजे माझा नवरा, दिवसभर स्लॅबखालच्या ओसरीत बाज टाकून बसतो, पण देवाला मात्र त्यानं पत्र्याखाली ठेवलंय. भूकंपात देव ढिगाऱ्यातून उकरून काढावे लागले होते, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. स्वतः स्लॅबखाली बसायला त्याची हरकत नाही. घराची ही मांडणी मी उगाच सांगत नाही. पुढचा सगळा घोळ या छतावरून झालाय.

माझी सून गावातल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरं घरोघरून गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, झाडलोट करायची. तिच्यावरची सेविका येत्या उन्हाळ्यानंतर घरी बसणार. ती जागा सुनेला मिळू शकते, पण त्याला बारावी पास लागते, आणि सून दहावीवर थांबलेली. लग्न ठरलं म्हणून अकरावी राहिली, ती राहिलीच. आता ही संधी गेली तर सेविकेच्या खुर्चीवर एखादी विशीतली मुलगी येऊन बसेल, आणि माझी सून केस पांढरे होईपर्यंत तिच्या हाताखाली खिचडी ढवळत राहील. हे तिनं मला सांगितलं नाही. ती काही सांगत नसते. हे मला दिसत होतं.

बाहेरून बारावीला बसायचा फॉर्म तिनं भरला. अभ्यासाचं काय, तर तालुक्याच्या गावी एक मास्तरीण आहे, ती अशा बायकांसाठी संध्याकाळी फोनवर वर्ग घेते. पैसे घेत नाही, पण अट कडक. वर्गाला यायचं, विचारलं की उत्तर द्यायचं, नुसतं नाव लावून जागा अडवायची नाही. मला हे पटलं. वही-पुस्तक घेऊन एसटीनं लोहाऱ्याला जा-ये करण्यापेक्षा घरबसल्या शिकायला मिळतंय, यात वाकडं काय? मला वाटलं, झालं काम.

कुठलं झालं.

पहिल्यांदा माझा मुलगा. घरात नीट चालणारा फोन त्याचाच, आणि तो फोन त्याच्या खिशाला शिवलेला. वर्ग संध्याकाळी, आणि संध्याकाळी हा पारावर. सुनेच्या भावाला ही गोष्ट कळली, तर त्यानं आपला जुना फोन आणून दिला. काच कोपऱ्यात तडकलेली, बाकी ठणठणीत. मुलाचं तोंड लगेच उतरलं. म्हणाला, माझा फोन होता की घरात, दुसऱ्याचा कशाला? मी म्हटलं, तुझा फोन घरात कधी असतो? त्यावर तो म्हणाला की तसं नाही, पण फोनात काय काय येतं तुला माहीत नाही. मी म्हटलं, तुला बरं माहीत! मग तो मोटरसायकलची चावी शोधायला लागला. चावी त्याच्या हातातच होती.

मुलाचं खरं कारण काय, हे त्यानं कधी तोंडानं सांगितलं नाही. मी त्याची आई आहे, मला कळतं. त्याची स्वतःची बारावी दोनदा बुडालेली. बायको पास झाली तर पारावर कोण काय बोलेल, हे त्याला आधीच ऐकू येत होतं.

मग म्हातारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. फोनवर अभ्यास होत नसतो. अभ्यास म्हणजे पुस्तक मांडीवर पाहिजे, वाचल्याचा आवाज आला पाहिजे. फोन बघणारं माणूस शिकतंय का पिक्चर बघतंय, हे बाहेरून कसं ओळखायचं? आता यात थोडं तथ्य होतं, कारण मुलगा फोन बघत बसतो ते आम्ही रोज बघतो, आणि त्यातून तो काही शिकलेला दिसत नाही.

पण सगळ्यांत जास्त बेजार केलं ते खुद्द सुनेनं. तिला म्हटलं, घे फोन, बस वर्गाला. तर म्हणते, "आत्या, मला न्हाय जमायचं त्यात. कुठं बोट लागलं आन् काय बिघडलं तर?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं, उंची, कोण आलं, कोण नाही, हे सगळं रोज सरकारी फोनात भरावं लागतं. सेविकेला ते येत नाही. ते सगळं ही भरते. मागे एकदा फोन अडकला तर आजूबाजूच्या गावच्या सेविकासुद्धा हिला विचारायला आल्या होत्या. म्हणजे दुसऱ्याचं काम असलं की हिचं बोट बरोबर जागेवर पडतं, आणि स्वतःसाठी म्हटलं की बोट थरथरतं. तिला हे तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, ते निराळं. निराळं कसं, ते तिला सांगता आलं नाही आणि मला अजून कळलेलं नाही.

बरं, बसली एकदाची. तर घरात साधा फोन लागतो, पण वर्ग चालेल एवढी रेंज नाही. स्लॅबच्या खोलीत नाही, पत्र्याच्या शेडात तर नाहीच. अंगणात फाटकापाशी येते, पण तिथं रस्ता. येणारा-जाणारा थांबून विचारणार, काय चाललंय वहिनी? भरपूर रेंज पारावर, तिथं गावातले सगळे पुरुष. उरलं छत. छतावर रेंज चांगली. आमच्या घराला जिना नाही, लाकडी शिडी लावून चढावं लागतं.

आणि सासरा खाली ओसरीत बसलेला असताना सुनेनं त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मी सून होते तेव्हा मीही पाळली. पण या रीतीलाही सोय कळते. वाळवण घालायला सून छतावर गेली तर कुणाचं डोकं दुखत नाही. शेंगा, डाळी, कुरडया, सगळं वरच वाळतं आणि ते वाळवायला सासरा जात नाही.

श्रावण संपत आला होता. उडीद काढून आणला होता. मी सुनेला म्हटलं, संध्याकाळी वर जा आणि उडदाच्या शेंगा हलवत बस. ती माझ्याकडं बघून हसली. शिडी मी धरली. वर्ग चालू झाला.

त्यानंतर आमच्या घरी उडीद रोज हलवला गेला. पाऊस आला की गोळा करायचा, उघडला की पुन्हा पसरायचा. एवढा वाळलेला उडीद गावात कुणाचा नव्हता. म्हातारा खुश होता. पोरीला कामाची आच आहे म्हणायचा. एक दिवस माझी थोरली जाऊ भिंतीवरून डोकावली. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. म्हणाली, "काय गं, उडीद हलवताना हासू येतं व्हय तुज्या सुनंला? रोज आपली वर बसून हासती."

मी म्हटलं, "तुमी खालून बघताव म्हणून हासत आसंल."

जाऊ दोन दिवस बोलली नाही. बरं वाटलं. पण तिनं बोलायचं तिथं बोलून ठेवलं होतंच. आमच्या गावात बायकांना शिकू नको असं तोंडावर कुणी म्हणत नाही. नुसतं विचारतात, ती वर कुणाशी बोलते? एवढं विचारलं की पुढचं काम आपोआप होतं.

आणि खरं म्हणजे ती कुणाशीच बोलत नव्हती. तीच तर पंचाईत. मास्तरीण एकेकीचं नाव घेऊन विचारायची. हिला उत्तर यायचं, ओठ हलायचे, आवाज बाहेर नाही. खाली सासरा बसलाय, त्याला आपला आवाज जाईल, म्हणून ही फोनातला आपला आवाज बंद करून बसायची. मास्तरणीला वाटायचं, हिला येतच नाही. मी शिडीपाशी उभी राहून दातओठ खायची. एवढ्या लांबून सरकवून सरकवून गाडी आणावी आणि तिनं चाकात स्वतःच दगड घालावा, तसं झालं.

उडीद शेवटी झोडपावा लागला, काही इलाज नव्हता. पोत्यात भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून सवयीनं शिडीवर चढली. म्हाताऱ्यानं बाजेवरून वर बघितलं आणि मला विचारलं, "उडीद तर भरला की. ही कशाला चढती?"

मी खोटं बोलत नाही, म्हणजे विचारलं तर बोलत नाही. सांगितलं सगळं.  म्हातारा म्हणाला की एवढे दिवस त्याच्या डोक्यावर शाळा भरत होती आणि त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला शाळेचा राग नव्हता. आपल्याला न विचारता आपल्या डोक्यावर भरली, याचा राग होता. मी म्हटलं, उडीद असताना तुमचं डोकं चाललं, आता कसं चालत नाही? तो म्हणाला, उडीद निराळा. पुन्हा तेच. या घरात सगळ्यांचं सगळं निराळं असतं.

सून शिडीवरून उतरली ती पुन्हा चढली नाही. मी सांगितलं, चढ. मुलानं सांगितलं, जाऊ दे ना, उगाच घरात कटकट. हे तो फार गोडीनं बोलला. तिनं शेडात बसून धडे वाचायला सुरुवात केली. मास्तरीण झालेल्या वर्गांचे व्हिडिओ पाठवायची, ते ही अंगणवाडीत रेंज असताना उतरवून घ्यायची आणि चुलीपुढं बसून ऐकायची. पण वर्ग बुडत गेले.

एकदा संध्याकाळी ती भाकरी करत होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. म्हातारा देवापुढं दिवा लावायला आत आला. फोनात मास्तरीण कुणावर तरी भडकली होती. घरचा अभ्यास न करता वर्गात येता, तुम्हाला लाज वाटत नाही का, असं काहीतरी. म्हातारा दिवा हातात धरून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं. बाहेर आला आणि मला म्हणाला, "आगं, ती रागवती की."

"मग?"

"मग काय. रागवती म्हंजी मास्तरीणच हाय."

एवढं बोलून तो बाजेवर बसला. त्याच्या वेळी मास्तर छडीनं मारायचे, त्यामुळं ओरडा ऐकला तेव्हा त्याला खात्री पटली की हा पिक्चर नव्हे. पुढं दोनतीनदा तो काही कारण काढून शेडात आला आणि दाराशी थांबला. मला वाटलं, आता हा म्हणेल, चढू दे तिला वर. पण आमच्या म्हाताऱ्याचं मन बदललं तरी तोंड बदलायला वेळ लागतो. 

तेवढ्यात नवरात्र आलं. आणि मास्तरणीनं निरोप धाडला की खंडेनवमीला संध्याकाळी पाच वाजता फोनवर पेपर. अंगणवाडीला सुट्टी, बायका घरी, सगळ्यांच्या सोयीचं. जी बसणार नाही तिचं नाव वर्गातून काढणार, कारण बाहेर दुसऱ्या बायका थांबल्यात. सुनेनं हे मला सांगितलं. छताचं काय, ते त्या दिवशी बघू, असं मी म्हणाले. मला वाटलं होतं, अडचण आली तर छताचीच येईल.

आमच्या घरी हत्यारांची आणि पाटी-पुस्तकांची पूजा एकाच दिवशी, खंडेनवमीला. जे पूजेत मांडलं ते दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अक्षता टाकून हलवेपर्यंत कुणी उचलायचं नाही. त्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाभरीचे फण धुऊन पाटावर मांडले. नातीची पाटी आणि पहिलीचं पुस्तक मांडलं. मुलानं गाडीला झेंडूचा हार घातला, शेतात जाऊन मोटरीच्या स्टार्टरला हळदकुंकू लावलं. मी आणि सून पुरणाच्या मागं. पुरण वाटून मी पाणी प्यायला देवापुढून गेले, आणि थांबले.

पाटीच्या शेजारी सुनेचा फोन. तांदळाच्या लहानशा ढिगावर आडवा. काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल.

म्हातारा हात जोडून बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरीची पाटी ऱ्हाऊन जात हुती."

 इतके दिवस हा माणूस त्या फोनला अभ्यास म्हणायला तयार नव्हता. आता म्हणायला लागला, ते नेमकं त्या दिवशी आणि नेमकं असं की फोनला हात लावायची सोय राहिली नाही. त्याच्यावर ओरडावं तर ऊर भरून आला होता त्याचा. नंतर कधी तरी सुनेला याचं बरं वाटलं असेल. त्या वेळी तिनं दारातून बघितलं, परत तव्यापाशी गेली, आणि तिची पोळी करपली. माझ्या सुनेची पोळी कधी करपत नाही.

मी म्हाताऱ्याला सांगितलं की आज पाचला पेपर आहे, फोन पाहिजे. त्याचा चेहरा पडला. त्याला तारीख माहीत नव्हती, त्याला कुणी सांगितली नव्हती. पण तो म्हणाला की मांडलेलं उचलता येत नाही, उद्या हलवू. मी म्हटलं, उद्या पेपर नाही. तो म्हणाला, मास्तरणीला सांगा, सण आहे. मी म्हटलं, तिला कळत नाही का सण आहे ते? तेवढ्यात मुलगा शेतातून आला. मी त्याला विचारलं, मोटर चालू आहे का? म्हणाला, आहे ना, लाईट आत्ताच आली. मी म्हाताऱ्याकडं वळले.

"स्टार्टरला हळदकुंकू लावलंय. त्यो चालतोय. त्याला न्हाय का उद्याची वाट बघाया लागत?"

"मोटर रानात हाय. ती देवाम्होरं मांडलेली न्हाय."

"मग फोनबी रानात न्हेऊन पुजायचा हुता."

 मुलगा म्हणाला, माझा फोन घेऊ दे तिला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाला, त्याची मी नोंद घेतली. पण सुनेचं नाव तिच्याच नंबरावर लावलेलं, पेपर उघडायचा आकडा तिच्याच फोनावर येणार. मुलगा म्हणाला, मग त्यातलं कार्ड काढून घेऊ. म्हातारा म्हणाला, कार्ड काढायला फोन उचलावाच लागेल ना. दोघं बापलेक या विषयावर बराच वेळ बोलले. मी पोळ्या लाटायला बसले, नाहीतर लाटणं दुसऱ्या कामाला लागलं असतं.

 सुनेला मी हळूच म्हटलं, तू सांग त्याला. सासऱ्याला स्वतःच्या तोंडानं सांग, फोन पाहिजे. मी सांगून उपयोग नाही, माझं ऐकायची त्याला सवय नाही. ती म्हणाली, "आत्या, मामांनी हौसंनं मांडलाय." तिचं हे बोलणं ऐकून मला वाटलं, जाऊ दे, हिला खिचडीच ढवळू दे. खरंच वाटलं.

दुपारी नैवेद्य दाखवायला सगळे देवापुढं जमलो. म्हातारा पाटापुढं उकिडवा बसून ताटाभोवती पाणी फिरवत होता. तोच फोन थरथरायला लागला. त्याचा आवाज सुनेनं बंद करून ठेवलेला असतो, नुसता घुरघुरतो. तांदळाच्या ढिगावर काच गुळगुळीत. फोन घुरघुरत सरकायला लागला. झेंडूचं फूल पडलं. अक्षता पाटावर पसरल्या. फोन पाटीला धडकला, वळला, आणि पाटाच्या कडेकडं निघाला. कडेखाली पाण्यानं भरलेला तांब्या. कुणी हलेना. मांडलेलं उचलायचं नाही, हे सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. मी पण हलले नाही, हे सांगायला पाहिजे.

फोन कडेवरून सुटला आणि म्हाताऱ्यानं तो वरच्यावर झेलला.

ठरवून नाही झेलला. पडणारी वस्तू माणूस झेलतो तसा झेलला. मग तो हातात धरून बसला, आणि फोन त्याच्या मुठीत घुरघुरत होता. चालू फोन आयुष्यात त्यानं पहिल्यांदा हातात धरलेला. त्याला तो खालीही ठेवता येईना आणि बंदही करता येईना.

तेव्हा माझी सून बोलली. डोक्यावरचा पदर सावरत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मामा, हिरव्यावर बोट ठेवा आन् वढा."

त्यानं ओढलं. कुंकवानं बोट लाल झालं. फोनातून मास्तरणीचा आवाज आला, मोठा, शेडभर. हिचं नाव घेऊन म्हणाली, आज पाचला पेपर आहे, मागचे कितीतरी वर्ग तुम्ही बुडवलेत, बसणार आहात की नाही ते आत्ता सांगा, नसाल तर तुमच्या जागी दुसरीला घेते.

म्हातारा फोनाकडं बघत होता. मग फोन तोंडापुढं भाकरीसारखा धरून म्हणाला, "बसती बाई ती. म्या सासरा बोलतोय तिचा."

 मग मास्तरीण म्हणाली, "नमस्कार. पण पेपर तुम्ही देणार नाही ना? तिला बोलू द्या."

म्हाताऱ्यानं फोन सुनेपुढं केला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. छतावर तिला जे जमलं नव्हतं ते आता त्याच्या तोंडासमोर करायचं होतं. मी मनात म्हटलं, आता जर हिनं नुसते ओठ हलवले तर मी आजपासून हिच्याशी बोलणार नाही.

"बसते, मॅडम," ती म्हणाली. चांगलं स्पष्ट म्हणाली.

म्हाताऱ्यानं फोन तिच्या हातात दिला. मग चिमूटभर अक्षता उचलल्या आणि फोन जिथं होता त्या रिकाम्या जागेवर टाकल्या. त्याच्या हिशेबानं हलवून झालं. पाटी, पुस्तक, विळे जागेवर राहिले. फोनापुरता दसरा एक दिवस आधी झाला.

जेवणं झाल्यावर तो मला म्हणाला, "रेंज का काय ती, वरच हाय?"

"वरच हाय."

त्यानं स्लॅबकडं बघितलं. "देव पत्र्याखाली हाय, त्येची काय दिक्कत न्हाय," असं स्वतःशीच बोलला. मग उठला, आपली बाज उचलली आणि फरफटत अंगणात नेऊन टाकली. ओसरीत कुणी नाही, म्हणजे डोकंही कुणाचं नाही. एवढा सोपा उपाय. दोन महिने माझं डोकं उठवलं आणि उपाय बाज चार हात सरकवण्याचा होता.

पाचच्या आधी सून शिडी चढली. या वेळी शिडी मुलानं धरली. मी काही बोलले नाही, बोलले असते तर सोडली असती. थोरली जाऊ भिंतीवरून डोकावलीच. "भाऊजी, उन्हात का बसलाव?"

म्हातारा म्हणाला, "सून वर पेपर द्याया बसलीय." रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. त्या दिवसापासून ती वर कुणाशी बोलते, हे गावात कुणी विचारत नाही. सासराच सांगतोय म्हटल्यावर विचारण्यात मजा राहिली नाही.

पेपर कसा गेला म्हणाल तर बेताचा. कॅमेऱ्याच्या काचेत कुंकू गेलं होतं, मास्तरणीला ही लालेलाल दिसत होती, तिनं दोनदा विचारलं की तुम्हाला बरं आहे ना. इतिहासात बरे मार्क पडले, इंग्रजीत कमी. पण नाव काढलं नाही. सून वर्गात राहिली. आता उत्तर येत असलं की मोठ्यानं देते, चुकलेलंसुद्धा मोठ्यानं देते. पलीकडच्या गल्लीला तिचं इंग्रजी पाठ होत आलंय.

वैताग संपलाय असं कुणी समजू नये. म्हातारा आता वर्गाची वेळ झाली की अंगणातून ओरडतो, चढली का न्हाय अजून? ती भाकरी टाकत असली तरी ओरडतो. एक दिवस वर्ग उशिरा लागला तर मास्तरणीलाच रजा पडली का म्हणून चिडला. थोरल्या जावेला आता आमचं छत पाहिजे, तिच्या सुनेला शिवणकाम फोनवरून शिकायचंय. मी म्हटलं, तुमच्या घराला छत नाही का? म्हणाली, आहे, पण आमच्याकडं ओसरीत सुनेचा थोरला दीर असतो. म्हटलं, बाज सरकवा. तर म्हणते, आमचं निराळं.

परीक्षा फाल्गुनात. तोवर सगळी थंडी काढायची आहे. अंधार लवकर पडतो, वर सून शाल गुंडाळून बसते, खाली अंगणात म्हातारा दव पडतं म्हणून कुरकुरतो. ओसरीत येऊन बसा म्हटलं तर येत नाही, ती उतरल्याशिवाय येत नाही. शेवटी मी पेटीतलं जुनं घोंगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं आणि सांगितलं, कुरकुर हळू करा, वर ऐकू जातं.